भाडेकरूचे वीजदेयक : खमरियातील एका मीटरचा हिशेब



अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत किंमत, मागणी, अनुदान, माहितीची विषमता यांसारख्या संकल्पना वेगवेगळ्या प्रकरणांत विभागलेल्या असतात. सामान्य कुटुंबाच्या हाती दरमहा पडणाऱ्या वीजदेयकात मात्र त्या सर्व एकत्र नांदतात. आजच्या व्याख्यानाचा विषय वरकरणी घरगुती आहे. भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाचे वीजदेयक अचानक दुप्पट-तिप्पट झाले, तर त्याचे कारण कोठे आणि कसे शोधावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना वीज कायदा, दरनिश्चिती, राज्यांचे अनुदान आणि ग्राहकांचे हक्क या विषयांचा परामर्श आपोआपच घेतला जातो.

खमरियाची पार्श्वभूमी

विवेचनासाठी जबलपूरमधील खमरिया हा परिसर निवडण्यास कारण आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जबलपूर आणि विदर्भ हे एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. जबलपुरात मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरिया येथे दारूगोळा निर्मितीचा आयुध कारखाना उभा राहिला. आयुध निर्माणी मंडळाच्या पुनर्रचनेनंतर १ ऑक्टोबर २०२१ पासून हा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सार्वजनिक कंपनीचा भाग झाला. कारखान्याची वसाहत, लगतचा रांझी भाग, आणि डुमना विमानतळ मार्गावर २००५ मध्ये स्थापन झालेली भारतीय माहिती तंत्रज्ञान, अभिकल्प व विनिर्माण संस्था यांमुळे या परिसरात भाड्याच्या खोल्यांना सतत मागणी असते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. मध्य प्रदेशच्या वीजक्षेत्राचे प्रशासकीय केंद्र जबलपूर हेच आहे. जुन्या राज्य विद्युत मंडळाचे मुख्यालय येथील शक्ती भवनात होते. मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण यांच्या स्वतंत्र कंपन्या कार्यरत झाल्या, त्यांपैकी पूर्व क्षेत्र विद्युत वितरण कंपनीचे मुख्यालयही जबलपूर येथे आहे. ज्या शहरातून राज्याच्या विजेचा कारभार चालतो, त्या शहरातील भाडेकरूलाही आपल्या देयकाचा उलगडा होत नसेल, तर दोष केवळ अंतराचा नाही. तो व्यवस्थेच्या रचनेत शोधावा लागतो.

देयक वाचण्याची रीत

देयक वाढले की पहिला संशय मीटरवर आणि दुसरा घरमालकावर जातो. दोन्ही संशय कधीकधी खरे ठरतात. तथापि तपासाची सुरुवात देयकाच्या कागदापासून व्हावयास हवी, कारण बहुतेक कोडी तेथेच सुटतात.

देयकावरील रकमेकडे पाहण्यापूर्वी चार नोंदी पाहाव्यात. पहिली नोंद मीटर क्रमांकाची. एकाच भिंतीवर तीन-चार मीटर असतील तर खोलीचा आणि मीटरचा मेळ चुकलेला असू शकतो. दुसरी नोंद मागील व चालू वाचनाची. चालू वाचन मीटरवरील आकड्याशी जुळते की नाही, हे दोन मिनिटांत कळते. तिसरी नोंद देयकाच्या कालावधीची. मीटर वाचणारा कर्मचारी एका महिन्यात तिसाव्या दिवशी आणि दुसऱ्या महिन्यात छत्तिसाव्या दिवशी आला, तर वापर न वाढताही युनिटे वाढतात. म्हणून तुलना महिन्याची नव्हे, तर दररोजच्या सरासरी युनिटांची करावी. १७० युनिटे ३६ दिवसांत वापरली गेली असतील, तर दैनिक सरासरी पाच युनिटांपेक्षाही कमी भरते. अशा वेळी दराचे टप्पेही दिवसांच्या प्रमाणात वाढवून धरले आहेत की नाहीत, हे पाहावे.

चौथी नोंद देयक प्रत्यक्ष वाचनावर आधारित आहे की सरासरीवर, ही होय. घर बंद असल्यास किंवा वाचन न झाल्यास सरासरीने देयक दिले जाते. पुढे प्रत्यक्ष वाचन झाले की मागील सर्व महिन्यांचा फरक एकाच देयकात येतो. २०२० च्या टाळेबंदीत महाराष्ट्राने हा अनुभव मोठ्या प्रमाणावर घेतला. मार्चअखेरपासून मीटर वाचन थांबले. हिवाळ्यातील वापराच्या सरासरीने देयके निघाली. प्रत्यक्षात उन्हाळा होता आणि सारे कुटुंब दिवसभर घरात होते. जूनमध्ये वाचन सुरू होताच साठलेला फरक एकदम समोर आला आणि ग्राहकांत असंतोष पसरला. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाला देयकांच्या पडताळणीचे आणि मोठ्या देयकांसाठी तीन हप्त्यांच्या सवलतीचे निर्देश द्यावे लागले. त्या देयकांतील मोठा भाग चुकीचा नव्हता, तो उशिरा कळलेला होता. मात्र उशिरा कळलेली किंमत ग्राहकाला वापर आवरण्याची संधी देत नाही, हा त्या प्रसंगाचा आर्थिक धडा आहे.

वीज (ग्राहक हक्क) नियम, २०२० यांनी यावर मर्यादा घातली आहे. एका आर्थिक वर्षात दोनपेक्षा अधिक तात्पुरती देयके देऊ नयेत, अशी तरतूद या नियमांत आहे. साठलेल्या युनिटांची विभागणी ज्या महिन्यांत ती वापरली गेली त्या महिन्यांत व्हावी, हे तत्त्वही ग्राहकाने लक्षात ठेवावे. अन्यथा तीन महिन्यांची युनिटे एका महिन्यात मोजली जाऊन सर्वांत वरच्या दराच्या टप्प्यात जातात.

मीटरपाशी होणारी तपासणी

कागद निर्दोष निघाला, तर तपास मीटरपाशी न्यावा. या तपासणीसाठी मीटरचे सील किंवा आवरण यांना हात लावण्याची गरज नाही, आणि तसा हात लावूही नये. तुटलेले सील वीजचोरीच्या कलम १३५ खालील चौकशीस निमंत्रण देते.

प्रथम घरातील सर्व उपकरणे बंद करून, त्यांच्या पिना काढून, मुख्य स्विच मात्र चालू ठेवावा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान तांबडा दिवा लुकलुकत असतो. तो आता थांबला पाहिजे. तो लुकलुकत राहिला तर वायरिंगमध्ये गळती आहे, किंवा जिन्यातील दिवा, पाण्याचा पंप, शेजारची खोली यांपैकी काहीतरी याच मीटरवर जोडलेले आहे. नंतर मुख्य स्विचही बंद करावा. तरीही दिवा लुकलुकला, तर मीटर आणि मुख्य स्विच यांच्या दरम्यान कोणीतरी जोडणी घेतल्याचा किंवा मीटर सदोष असल्याचा संशय बळावतो. जुन्या घरांत ओलसर भिंतींतून जाणाऱ्या तारांची गळती दुर्लक्ष करण्याजोगी नसते. केवळ १०० वॅटची गळती चोवीस तास चालली तर तीस दिवसांत ७२ युनिटे होतात. शिवाय अशी गळती जिवासही धोकादायक असल्याने दुरुस्ती परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी.

मीटर वेगाने चालतो काय, याचीही साधी चाचणी आहे. मीटरवर एका युनिटास किती वेळा दिवा लुकलुकेल, हे छापलेले असते. ३२०० हा आकडा पुष्कळ मीटरांवर दिसतो. इतर सर्व उपकरणे बंद ठेवून १००० वॅटची पाणी तापवण्याची कांडी सहा मिनिटे चालवली, तर ०.१ युनिट खर्च होते आणि दिवा सुमारे ३२० वेळा लुकलुकला पाहिजे. विद्युतदाब कमीअधिक असल्यास हा आकडा थोडा बदलतो. त्यामुळे पाच-दहा टक्क्यांच्या फरकाने मीटरला दोष देऊ नये. फरक दीडपट-दुप्पट असेल तर तक्रारीस आधार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राहक हक्क नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, मीटरचे वाचन प्रत्यक्ष वापराशी जुळत नसल्याची तक्रार आल्यास वितरण कंपनीने पाच दिवसांत पडताळणीसाठी अतिरिक्त मीटर बसवावयाचा असून किमान तीन महिने त्याच्या आधारे वापर तपासावयाचा आहे.

उपकरणे आणि विभागलेले हित

बहुतेक प्रकरणांत मीटर निर्दोष निघतो आणि वापरच वाढलेला असतो. २०० वॅटचा कूलर दिवसाला बारा तास चालला की महिन्याला ७२ युनिटे होतात. ७५ वॅटचे दोन जुने पंखे पंधरा तास चालले तर ६७ युनिटे होतात. दोन किलोवॅटचा गीझर रोज अर्धा तास चालला तरी महिन्याची ३० युनिटे लागतात. मे महिन्यात जबलपूरचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो, त्या वेळी कूलर ही चैन राहत नाही.

भाड्याच्या घरात मात्र येथे एक वेगळी अडचण उद्भवते. फ्रिज, गीझर, पंखे घरमालकाने बसवलेले असतात आणि वीजदेयक भाडेकरू भरतो. खरेदी करणाऱ्यास स्वस्त उपकरण परवडते, कारण त्याचा चालू खर्च दुसऱ्याच्या माथी असतो. चालू खर्च सोसणाऱ्यास उपकरण बदलण्याचा अधिकार नसतो, आणि दोन वर्षांत सोडावयाच्या घरात तो नवा पंखा कशाला बसवील? अर्थशास्त्रात यास विभागलेल्या प्रोत्साहनाची समस्या म्हणतात. ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ अन्वये १ मार्च २००२ रोजी स्थापन झालेल्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २००६ मध्ये तारांकित लेबलांची योजना सुरू केली. २०२३ पासून छताच्या पंख्यांनाही लेबल सक्तीचे झाले. लेबलामुळे खरेदीदाराला माहिती मिळते. परंतु खरेदीदार आणि वापरकर्ता भिन्न असतील, तर माहिती एकाकडे आणि खर्च दुसऱ्याकडे राहतो.

माहितीच्या विषमतेची हीच गोष्ट भाड्याच्या बाजारातही दिसते. जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन ही संकल्पना मांडली. त्यांना २००१ मध्ये मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. खोली पाहावयास आलेल्या भाडेकरूला भिंतीचा रंग दिसतो, भिंतीतील तारांची अवस्था दिसत नाही. मागील बारा महिन्यांची देयके घर घेण्यापूर्वी पाहावयास मागणे, हा ही विषमता कमी करण्याचा बिनखर्चाचा मार्ग होय.

टप्प्यांचे दर आणि १५० युनिटांची कडा

आता विषयाच्या गाभ्याकडे वळावयास हवे. घरगुती विजेचा दर सर्व युनिटांना समान नसतो, तो टप्प्याटप्प्याने वाढतो. मध्य प्रदेश विद्युत नियामक आयोगाच्या अलीकडच्या दर आदेशांत हे टप्पे ५०, १५० आणि ३०० युनिटांपाशी बदलतात. कमी वापर करणाऱ्या, म्हणजे सामान्यतः गरीब कुटुंबास स्वस्त वीज मिळावी, हा त्यामागील हेतू आहे. स्थिर आकाराची एक विशेष तरतूदही लक्षात घेण्यासारखी आहे. १५० युनिटांहून अधिक वापर असल्यास दर १५ युनिटांमागे ०.१ किलोवॅट भार मानून स्थिर आकार लावला जातो. म्हणजे नावाने स्थिर असलेला आकारही वापराबरोबर चढतो.

यावर राज्य शासनाचे अनुदान येते. २०१९ मध्ये इंदिरा गृह ज्योती या नावाने विस्तारलेली आणि पुढे अटल गृह ज्योती या नावाने चालू राहिलेली योजना अशी आहे : महिन्याचा वापर १५० युनिटांपर्यंत असल्यास पहिल्या १०० युनिटांसाठी १०० रुपये. वापर १५० च्या पुढे गेला की सवलत संपूर्ण जाते, केवळ वरच्या युनिटांपुरती जात नाही.

याचा परिणाम समजण्यासाठी गोल आकड्यांचे काल्पनिक दर घेऊ. पहिल्या ५० युनिटांस ४ रुपये, १५० पर्यंत ५ रुपये, ३०० पर्यंत साडेसहा रुपये, त्यापुढे ७ रुपये आणि १५० च्या वर प्रत्येक ०.१ किलोवॅटमागे २५ रुपये स्थिर आकार मानावा. विद्युत शुल्क आणि इंधन व वीजखरेदी समायोजन अधिभार बाजूला ठेवू. एका कुटुंबाचा वापर नेमका १५० युनिटे असेल, तर पहिल्या शंभरांचे १०० रुपये, पुढील पन्नासांचे २५० रुपये आणि स्थिर आकाराचा अंश धरून सुमारे ४०० रुपये देयक येईल. हिवाळ्यात ९० युनिटे वापरणाऱ्या त्याच कुटुंबाने उन्हाळ्यात कूलर लावला आणि वापर १६२ युनिटांवर गेला, तर ऊर्जा आकार ७७८ रुपये आणि स्थिर आकाराचे अकरा भाग म्हणजे २७५ रुपये, मिळून १०५३ रुपये होतील. बारा युनिटे अधिक वापरली आणि देयक ६५३ रुपयांनी वाढले. त्या शेवटच्या बारा युनिटांची प्रत्येकी किंमत ५४ रुपयांहून अधिक पडली.

मीटर पळतो अशी तक्रार घेऊन येणाऱ्या ग्राहकाचा मीटर पुष्कळदा बरोबर चाललेला असतो. तो ग्राहक केवळ ही कडा ओलांडून गेलेला असतो. सीमांत किंमत आणि सरासरी किंमत यांतील भेद स्पष्ट करण्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

तीन चुली, एक मीटर

भाडेकरूच्या बाबतीत ही कडा अधिक बोचते, कारण पुष्कळ घरांत चुली तीन आणि मीटर एकच असतो. एक दुमजली घर कल्पावे. तळमजल्यावर घरमालक, वर दोन भाडेकरू कुटुंबे. प्रत्येकाचा वापर ११० युनिटे. तिघेही खरे तर सवलतीच्या कक्षेतील ग्राहक. परंतु मुख्य मीटर एकच असल्याने वितरण कंपनीच्या दृष्टीने तो ३३० युनिटे वापरणारा एक श्रीमंत ग्राहक ठरतो.

वरील काल्पनिक दरांनी ३३० युनिटांचा ऊर्जा आकार १८८५ रुपये होतो. स्थिर आकाराचे बावीस भाग, म्हणजे ५५० रुपये, मिळवले की एकूण २४३५ रुपये. सरासरी दर युनिटास ७ रुपये ३८ पैसे पडला. घरमालकाने भाडेकरूंसाठी सबमीटर बसवून युनिटास सरसकट ९ रुपये दर ठरवला आहे, असे मानू. प्रत्येक भाडेकरू ९९० रुपये देतो. सरासरी दराने त्याचा वाटा ८१२ रुपये झाला असता. म्हणजे १७८ रुपये घरमालकाने ठरवलेल्या दरामुळे अधिक गेले आणि वाद याच रकमेवरून पेटतो.

पण त्याच भाडेकरूचा स्वतंत्र मीटर असता, तर ११० युनिटांसाठी त्यास १०० अधिक ५० आणि स्थिर आकाराचा अंश धरून सुमारे १७० रुपये भरावे लागले असते. म्हणजे तो एकूण ८२० रुपये अधिक भरतो. त्यांतील १७८ रुपये घरमालकाच्या दरामुळे आणि ६४२ रुपये सामाईक मीटरमुळे. भांडण पाचव्या हिश्श्यासाठी होते आणि उरलेल्या चार हिश्श्यांकडे कोणाचे लक्ष जात नाही.

घरमालकाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. दोन्ही भाडेकरूंकडून त्यास १९८० रुपये मिळाले, उरलेले ४५५ रुपये त्याने भरले. स्वतंत्र मीटर असते तर त्याचेही देयक १७० रुपयेच आले असते. दर चढा लावूनही तो तोट्यातच राहिला. ज्या व्यवस्थेत दोन्ही पक्षांचे नुकसान होते आणि तरीही ती टिकून राहते, तिच्या मुळाशी माहितीचा अभाव, सुरुवातीचा खर्च आणि परस्पर अविश्वास असतो. स्वतंत्र जोडणीसाठी अर्ज, अनामत रक्कम आणि वायरिंग यांचा खर्च एकदम करावा लागतो, लाभ मात्र दरमहा थोडाथोडा मिळतो. भाडेकरूच्या नावाने मीटर आला की त्याचा घरावर हक्क निर्माण होईल, ही भीतीही घरमालकास वाटते.

येथे दुसरी बाजूही मांडणे आवश्यक आहे. ग्राहकाची बचत हवेतून येत नाही. वीज कायदा, २००३ च्या कलम ६५ नुसार राज्य शासनास एखाद्या वर्गाला सवलत द्यावयाची असेल, तर त्या रकमेची भरपाई शासनाने आगाऊ करावयाची असते. स्वतंत्र मीटर झाल्यास राजकोषावरील भार वाढेल. एकाच कुटुंबाने सवलतीसाठी दोन-तीन मीटर घेणे हा गैरवापर असून वितरण कंपन्यांना त्याची चिंता वाटणे स्वाभाविक आहे. परंतु खरोखर वेगळी चूल असलेल्या भाडेकरूची गोष्ट निराळी. अनुदान ज्याच्यासाठी आखले, त्यालाच ते केवळ मीटरच्या मांडणीमुळे मिळत नसेल, तर तो लक्ष्यनिर्धारणाचा दोष आहे. शिधापत्रिकेच्या बाबतीत वगळले जाण्याची जी चूक पाठ्यपुस्तकांत शिकवली जाते, तीच येथे मीटरच्या रूपाने दिसते.

कायदा भाडेकरूस काय देतो

वीज हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. वीज कायदा, २००३ च्या कलम ४३ नुसार जागेच्या मालकाने किंवा ताबेदाराने अर्ज केल्यास वीज देणे हे वितरण परवानाधारकाचे कर्तव्य आहे. ‘ताबेदार’ या शब्दात भाडेकरू येतो. सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०२२ च्या निकालात हे अधिक स्पष्ट केले. वीज ही मूलभूत सुविधा असून घरमालकाने ना-हरकत प्रमाणपत्र दिले नाही, एवढ्याच कारणाने भाडेकरूस ती नाकारता येत नाही. अर्जदार त्या जागेच्या ताब्यात आहे की नाही, इतकेच वीजपुरवठा करणाऱ्याने पाहावयाचे आहे. वीजजोडणी ही मालकीचा पुरावा ठरत नाही, ही बाब घरमालकांना समजावून सांगितली गेल्यास पुष्कळ विरोध मावळेल.

परवान्याशिवाय विजेचे वितरण किंवा व्यापार करण्यास कलम १२ ने मनाई आहे. त्यामुळे सबमीटरचा दर हा खर्चाच्या वाटणीपुरता असावा, नफ्याचा धंदा नसावा. भाड्याचा वाद झाल्यास वीज तोडून भाडेकरूस हुसकण्याचा मार्गही कायद्यास मान्य नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, मध्य प्रदेशचा स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ आणि केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेला आदर्श भाडेकरार कायदा या तिन्हींत अत्यावश्यक पुरवठा रोखण्यावर बंधन आहे. वितरण कंपनीलाही थकबाकीपोटी वीज तोडण्यापूर्वी कलम ५६ नुसार पंधरा दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते.

भाडेकरूवरही जबाबदारी आहे. घरगुती जोडणीवर दुकान, शिलाईचा व्यवसाय किंवा खानावळ चालवली, तर कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरून त्या वापरास लागू असलेल्या दराच्या दुप्पट दराने आकारणी होते. जुनी थकबाकी हाही धोक्याचा विषय आहे. जागेवरील पूर्वीची थकबाकी नव्या जोडणीच्या वेळी मागण्याची तरतूद नियमांत असल्यास ती वैध ठरते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला आहे. म्हणून घराचा ताबा घेतानाच मीटरच्या वाचनाचे छायाचित्र घ्यावे, त्या आकड्यावर दोघांनी सही करावी, थकबाकी नसल्याचे शेवटचे देयक पाहावे आणि सबमीटरचा दर कसा ठरेल हे भाडेकरारात लिहावे. या चार गोष्टींना अर्धा तास लागतो आणि वर्षभराचा वाद टळतो.

तक्रारीची पायरीही ठरलेली आहे. प्रथम वितरण केंद्र किंवा १९१२ ही दूरध्वनी सेवा, त्यानंतर कलम ४२(५) खालील ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्याच्या निर्णयाने समाधान न झाल्यास कलम ४२(६) खालील वीज लोकपाल. सेवेतील त्रुटीसाठी ग्राहक आयोगाकडेही जाता येते. मात्र कलम १२६ खालील आकारणीचा वाद ग्राहक मंचापुढे चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवले आहे. तक्रार तोंडी न करता लेखी करावी, तिचा क्रमांक घ्यावा आणि दैनिक वाचनाची आठ-दहा दिवसांची नोंद सोबत जोडावी. रकमेविषयीचा राग मंचापुढे टिकत नाही, आकड्यांची वही टिकते.

स्मार्ट मीटर आणि उरलेला प्रश्न

जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेचा आकार ३,०३,७५८ कोटी रुपयांचा होता आणि २५ कोटी स्मार्ट मीटर बसवण्याचे उद्दिष्ट त्यात होते. तांत्रिक व वाणिज्यिक हानी कमी करणे हा तिचा प्रमुख हेतू. स्मार्ट मीटरचे वाचन दूरस्थ पद्धतीने दररोज होऊ शकते, ग्राहकास आपला वापर भ्रमणध्वनीवर दिसतो, आणि सरासरीच्या देयकांची गरज उरत नाही. २०२० मध्ये महाराष्ट्राने जी साठलेली देयके पाहिली, तशी वेळ या मीटरमुळे टळू शकते. दीडशे युनिटांची कडा जवळ येत असल्याचे विसाव्या दिवशीच कळले, तर कुटुंब आपला वापर आवरू शकते.

तथापि ही माहिती ज्याच्या नावावर जोडणी आहे, त्याच्या भ्रमणध्वनीवर जाते. खमरियातील वरच्या मजल्यावरील भाडेकरू कूलर चालवील आणि सूचना तळमजल्यावरील घरमालकास मिळेल. मीटर कितीही हुशार झाला, तरी वापरणारा, भरणारा आणि माहिती मिळणारा हे तीन वेगळे राहिले तर मूळ प्रश्न जागच्या जागी राहतो. विजेच्या दराविषयी आणि अनुदानाविषयी देशात पुष्कळ चर्चा झाली. मीटर कोणाच्या नावाने असावा, या साध्या प्रश्नाची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली.

वीजदेयक वाढल्याचे कारण शोधणाऱ्या भाडेकरूने म्हणूनच क्रम सोडू नये. आधी कागद, मग मीटर, मग उपकरणे, मग दराचा टप्पा आणि शेवटी जोडणीचे नाव. पहिल्या चार पायऱ्यांवर दोष सापडला तर त्या महिन्याचे देयक सुधारते. पाचव्या पायरीवर सापडला, तर पुढील प्रत्येक महिन्याचे सुधारते, आणि खमरियातील त्या कल्पित घरात त्याचा लाभ वरच्या मजल्याबरोबर तळमजल्यालाही मिळतो.